मोफत वेबसाइट आणि मुक्त वेबसाइट

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळीच चाचांचा फोन आला. चाचा म्हणजे आमच्या जुन्या त्रैमासिकाचे संपादक. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "अरे, आपली साइट उघडली तर जुगाराची जाहिरात येतेय. नातवाला माझा जुना अग्रलेख दाखवायला बसलो होतो. मान खाली गेली."

मी उघडून पाहिली. खरंच तसं होतं. आमच्या अंकाचं नाव वर पत्त्यात होतं आणि खाली पत्ते, चकत्या आणि नाचणारे आकडे.

आमचं त्रैमासिक अकरा वर्षं चाललं. बहुतेक मजकूर मराठीत, शेवटची चार-सहा पानं उर्दूत. पैशांअभावी छापील अंक बंद करायची वेळ आली तेव्हा आम्ही ठरवलं, निदान जुने अंक वेबसाइटवर राहू देत. २०१२ साली वर्गणी काढून पंचवीस हजार रुपये जमवले आणि एका व्यावसायिकाला काम दिलं. तो अभिमानाने म्हणाला होता, "हे आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, बाहेरचं फुकटचं नाही." आम्हालाही ते ऐकून बरं वाटलं. फुकटचं ते हलकं, विकतचं ते भारी, ही आपली समजूत जुनीच आहे.

पुढे त्याने धंदा बंद केला आणि फोन लागेनासा झाला. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्याच्याच नावावर होतं. त्याची मुदत संपली आणि दुसऱ्याच कुणीतरी ते घेऊन टाकलं. लेखांची प्रत आम्ही कधी मागितली नव्हती, त्यानेही दिली नव्हती. अकरा वर्षांच्या कामाची किल्ली एका माणसाच्या खिशात होती. तो गेला आणि किल्लीही गेली.

मग चाचांना आणि सीडींनी भरलेल्या एका पिशवीला गाडीत बसवून मी बावधनला भाच्याकडे गेलो. तो वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी नवे रस्ते खुले झाले, तेव्हापासून बावधनला नेमक्या कोणत्या फाट्याने उतरायचं हे मला अजून उमगलेलं नाही. दोनदा चुकून पोहोचलो. भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मामू, त्या सॉफ्टवेअरचा परवाना कोणता होता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रंग कोणता, फोटो किती, पहिल्या पानावर कुणाची तसबीर, यावर आमच्या तीन बैठका झाल्या होत्या. परवान्याबद्दल अकरा वर्षांत कुणी एक शब्दही काढला नव्हता. हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. संस्था, वाचनालयं, छोटी नियतकालिकं चालवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो कधी ना कधी भेटणारच आहे.

पैसे दिले म्हणजे मालक झालो का?

वेबसाइटवर मजकूर चढवण्याच्या यंत्रणेला सीएमएस म्हणतात. प्रोग्रामिंगचा गंध नसलेला माणूसही तिच्या मदतीने लेख लिहू शकतो, फोटो लावू शकतो, विभाग पाडू शकतो, चूक दुरुस्त करू शकतो. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल ही त्यातली तीन मोठी नावं. तिन्ही मुक्त स्रोत आहेत आणि तिन्हींचा परवाना एकच आहे, 'जीपीएल' म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आणली. या तिघांना लागू असलेली दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे.

हा परवाना चार गोष्टींची मुभा देतो. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरा. ते आतून कसं चालतं ते पाहा आणि आपल्या गरजेप्रमाणे बदला. त्याच्या प्रती इतरांना द्या. बदललेल्या प्रतीही द्या. अट अशी की तुम्ही ते दुसऱ्याला देताना हीच मुभा त्यालाही द्यायची. स्वतः मुक्त घ्यायचं आणि पुढच्याला बांधून द्यायचं, हे चालत नाही.

चाचा म्हणाले, "म्हणजे फुकट."

इथेच घोटाळा होतो. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे, त्यामुळे त्या लोकांना सतत खुलासा करावा लागतो. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द असूनही आपण गल्लत करतो. फेसबुकचं पान मोफत आहे, पण मुक्त नाही; उद्या त्यांनी ते बंद केलं तर आपल्या हाती काही राहत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथल्या मराठी गप्पा, कविता, वाद यांतलं किती उरलं, हे तिथे लिहिणाऱ्यांनीच आठवून पाहावं. उलट जीपीएलचं सॉफ्टवेअर कुणी पैसे घेऊन विकलं तरी परवान्याच्या विरोधात जात नाही. विकत घेणाऱ्याला त्या चार मुभा मिळाल्या की झालं.

आमच्या व्यावसायिकाने बनवलेलं सॉफ्टवेअर मोफतही नव्हतं आणि मुक्तही नव्हतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात बाहेरच्या माणसाकडून सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि हक्क देण्याचा लेखी करार केला नाही, तर त्याचा मालक साधारणपणे लिहिणाराच राहतो. पंचवीस हजार देऊन आम्ही भाडेकरूच होतो आणि ते आम्हाला ठाऊकही नव्हतं.

चाचांची दुसरी शंका जास्त महत्त्वाची होती. "सॉफ्टवेअर मुक्त असेल तर आपले लेखही कुणी उचलेल ना?" ही भीती अनेक संपादकांच्या मनात असते आणि ती निराधार आहे. जीपीएल सॉफ्टवेअरला लागू होतो, त्यात लिहिलेल्या मजकुराला नाही. लोकांनी वाटून घेतलेल्या साच्याने विटा पाडल्या तरी विटा पाडणाऱ्याच्याच असतात. लेखाचा हक्क लेखकाचा, त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. स्वतःच्या इच्छेने मजकूरही खुला करायचा असेल तर त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्ससारखे वेगळे परवाने आहेत. मराठी विकिपीडियावरचा मजकूर तसा खुला असतो. पण तो निर्णय वेगळा आणि तो आपण घ्यायचा.

गायब झालेला दुसरा माणूस

भाच्याने मग वर्डप्रेसचा जन्म कसा झाला ते सांगितलं. २००१ च्या सुमारास मिशेल वाल्द्रिगी या तरुणाने 'बी२' नावाचं ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर बनवलं. बऱ्याच जणांनी ते वापरायला घेतलं. पुढे मिशेलचं काम थांबलं. नवी आवृत्ती येईना, बनवणाऱ्याचा पत्ता लागेना. म्हणजे हुबेहूब आमचीच गोष्ट.

पण बी२ जीपीएलखाली होतं. मॅट मुलेनवेग नावाच्या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलाने लिहिलं की हे काम पुढे न्यायला हवं. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी साथ देण्याची तयारी दाखवली. दोघांनी बी२ ची प्रत घेतली, सुधारली आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस या नावाने बाहेर काढली. त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण ती परवान्यातच होती. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात.

दोन्हीकडे बनवणारा माणूस दिसेनासा झाला. तिकडे काम पुढे गेलं, इकडे अकरा वर्षांचे अंक गेले. फरक कौशल्याचा किंवा पैशाचा नव्हता, परवान्याचा होता. चाचा बराच वेळ गप्प बसले.

'जुमला' या शब्दाचा प्रवास

जूमलाची गोष्ट भांडणातून सुरू होते. ऑस्ट्रेलियातल्या मिरो या कंपनीने 'मॅम्बो' नावाचं सीएमएस बनवून जीपीएलखाली खुलं केलं होतं. २००५ मध्ये त्याच्या कारभारासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यात आपल्याला आवाज नाही आणि कंपनीचाच हात वर आहे, असं प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना वाटलं. ऑगस्टमध्ये मुख्य चमू बाहेर पडला. मॅम्बो हे नाव कंपनीकडे राहिलं. पण त्यातलं काम परवान्यामुळे सर्वांचं होतं, ते घेऊन हे लोक निघाले आणि सप्टेंबरमध्ये जूमलाची पहिली आवृत्ती आली. पुढे मॅम्बो विरत गेलं, जूमला टिकलं.

नाव निवडलं ते स्वाहिली भाषेतल्या 'जुमला' या शब्दावरून. अर्थ, 'सगळे मिळून'. स्वाहिलीत तो अरबीतून गेला. हे ऐकताच चाचा खुर्चीत सरसावून बसले. "हा तर आपलाच शब्द!" उर्दूत जुमला म्हणजे वाक्य आणि एकूण बेरीजही. आपल्या जुन्या मराठी हिशेबातही खालची बेरीज 'जुमला' या शब्दाने लिहीत. अलीकडे राजकारणाने या शब्दाची पार रया घालवली. पण ज्या शब्दाने पूर्व आफ्रिकेत लोक 'सगळे मिळून' म्हणतात आणि ज्याने आपले कारकून बेरीज मांडत, तोच शब्द जगभरच्या हजारो संस्थांच्या वेबसाइटखाली आहे, याची मला मौज वाटते.

मराठीतलं उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर असतं. मायबोली, मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे या संकेतस्थळांवरच्या एखाद्या लेखाचा पत्ता नीट पाहा. त्यात 'नोड' असा शब्द आणि पुढे आकडा दिसतो. ड्रुपलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला 'नोड' म्हणतात. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये खुल्या केलेल्या सॉफ्टवेअरवर इंटरनेटवरच्या मराठी लेखनाचा केवढा तरी मोठा भाग उभा राहिला. या स्थळांच्या मागे मोठं भांडवल नव्हतं. हौशी माणसं होती आणि परवानगी न मागता वापरता येणारं सॉफ्टवेअर होतं. एका ठिकाणी पटलं नाही तर दुसरं स्थळ काढता आलं, तेही त्यामुळेच. सरकारनेही हे ओळखलं. 'मायगव्ह' ड्रुपलवर उभं राहिलं आणि २०१५ मध्ये केंद्राने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं.

आमच्या दोन लिप्या

आम्हाला यांतलं काय घ्यावं? भाच्याने आमची गरज विचारली. मराठी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे. लेख कुणीही पाठवेल, पण चाचांनी पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होता कामा नये. दुरुस्ती झाली तर आधीचा मजकूर कुठेतरी राहिला पाहिजे.

वर्डप्रेस शिकायला सर्वांत सोपं, पण एकाच साइटवर दोन भाषा नीट चालवायच्या तर त्याला वेगळी जोडणी, म्हणजे प्लगइन, लागते. ड्रुपलमध्ये २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिक सोय मुळातच आहे. मात्र ते सांभाळायला जाणकार माणूस हवा. जूमलामध्ये २०११ च्या १.६ आवृत्तीपासून भाषांची सोय अंगभूत आहे. कोण लिहील, कोण तपासेल, कोण प्रसिद्ध करील, याच्या पायऱ्याही त्यात ठरवता येतात. लेखाच्या जुन्या आवृत्त्या साठवता येतात. आम्ही जूमला घेतलं. तुमची गरज वेगळी असेल तर वर्डप्रेस घ्या. त्यावर भांडण्यात अर्थ नाही, कारण परवाना तिघांचाही तोच आहे.

खरं संकट पिशवीतल्या सीडींमध्ये होतं. सगळे अंक पेजमेकरमध्ये जुन्या फॉन्टवर जुळवलेले. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की सुंदर मराठी लेखाच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. उर्दू पानं इनपेजमधली, म्हणजे तीही कुलूपबंद. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती रफार आणि पहिली वेलांटी भलतीकडे टाकतात. 'धर्म' कुठे होतो आणि कुठे जातो, याचे विनोद आम्ही त्या महिनाभरात पुष्कळ केले. त्यापेक्षा नव्याने टंकलेखन परवडलं. साइटवरून गेलेली काही पानं इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेच्या साठ्यात सापडली. तीनशेच्या आसपास लेखांपैकी निम्म्याहून थोडे जास्त हाती आले. बाकीचे छापील अंकांतून टाइप करणं सुरू आहे.

म्हणून सॉफ्टवेअरइतकाच फॉन्टचा आणि फाइलचाही परवाना पाहावा. मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. आता देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' आहे, नस्तालीकसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' आहे. दोन्ही खुल्या परवान्याचे. पूर्वी उर्दू लेख चित्र म्हणून साइटवर टाकावे लागत. ते शोधता येत नसत, की कुणाला उतरवून घेता येत नसत. आता चाचांचा उर्दू अग्रलेख एका शब्दावरून सापडतो.

परवाना मिळाला म्हणजे सगळं झालं नाही

मुक्त स्रोताचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या जगात मोठं भांडण झालं. मुलेनवेग यांची बाजू आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही होस्टिंग कंपनी यांच्यात नावाच्या वापरावरून वाद पेटला आणि त्या कंपनीला वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातून अद्ययावत आवृत्त्या मिळणं बंद केलं गेलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने तात्पुरता आदेश देऊन तो मार्ग पुन्हा खुला करायला लावला. सॉफ्टवेअर मुक्तच होतं, पण ते जिथून येतं त्या दाराची कडी थोड्या लोकांच्या हातात होती. परवाना आपल्याला निघून जाण्याचा हक्क देतो. निघून जाण्याची तयारी मात्र आपणच ठेवावी लागते, म्हणजे दर महिन्याला पूर्ण प्रत आपल्या घरी असावी लागते.

दुसरं, आपला आळस. मुक्त सॉफ्टवेअर सर्वांना दिसतं, तसं चोरालाही दिसतं. त्यातली भोकं बुजवणाऱ्या सुधारणा सतत येतात आणि त्या वेळेवर बसवायच्या असतात. जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच ठेवणाऱ्याने साइट फोडली गेली म्हणून रडू नये. विकतची थीम किंवा प्लगइन 'फुकट' देणाऱ्या आडवाटेच्या साइटवरून उतरवण्याची खोडही आपल्याकडे मोठी आहे. त्या पुड्यात बहुधा आणखी काहीतरी बांधून दिलेलं असतं.

तिसरं, आणि मला सर्वांत जास्त टोचणारं. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटल्यावर आपल्या संस्थांना वाटतं, ते बसवणारा पोरगाही फुकटच काम करील. "आपल्याच समाजाचं काम आहे, बेटा" हे वाक्य मी भाच्याच्या तोंडून हसत हसत ऐकलं, पण त्याला ते हसू येत नव्हतं. मुक्त स्रोतात वाचतात ते परवान्याचे पैसे. माणसाच्या श्रमाचे पैसे वाचत नाहीत, वाचूही नयेत. आम्ही त्याच्यापुढे पाकीट ठेवलं तेव्हा त्याने आढेवेढे घेतले. चाचांनी ते त्याच्या खिशात कोंबलं आणि म्हणाले, "मागच्याला पंचवीस दिले ते कागद न पाहता. तुला देतोय ते कागद पाहून."

तो कागद एका पानाचा आहे. त्यात चारच गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं असेल. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर असेल. सर्व पासवर्ड संस्थेच्या दोन माणसांकडे असतील. दर महिन्याला मजकुराची पूर्ण प्रत संस्थेच्या ताब्यात येईल. तुमच्या मदरशाची, वाचनालयाची, मंडळाची किंवा सोसायटीची साइट बनत असेल तर पैसे देण्याआधी या चार ओळी लिहून घ्या. साइट आधीच झाली असेल तर आजच फोन करून विचारा, डोमेन कुणाच्या नावावर आहे. उत्तर ऐकून थोडी झोप उडाली तरी चालेल, आमच्यासारखी मान खाली घालायची वेळ येणार नाही.

जुनं डोमेन परत मिळालं नाही. तिथे अजून जुगारच चालतो. नवी साइट नव्या नावाने उभी आहे. परवा चाचांनी नातवाला अखेर तो अग्रलेख दाखवला. नातवाने तो मोबाइलवर वाचला आणि त्यातली एक छपाईची चूक दाखवली. पंचवीस वर्षांपूर्वीची. चाचांनी मला रात्री अकराला फोन केला, "ती आत्ता दुरुस्त करता येईल का?"

म्हटलं, "येईल. आणि तुमची तुम्हालाच करता येईल."